मैदानाचा आवाज : शाहीर अमर शेख यांची गायकी आणि कारकीर्द

विसाव्या शतकातील मराठी गायनाचा इतिहास बहुतांशी ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि चित्रपट या तीन माध्यमांच्या आधाराने लिहिला गेला आहे. त्यामुळे ज्या गायकांचा आवाज तबकडीवर उतरला त्यांची चरित्रे, गीतांच्या याद्या आणि आस्वादक लेखन विपुल आहे, तर ज्यांचे गाणे उघड्या मैदानात, गिरणीच्या दारात, चाळींच्या चौकात आणि बाजाराच्या गावी झाले त्यांची नोंद संगीताच्या इतिहासाने केली नाही, ती राजकीय चळवळींच्या इतिहासाने केली. अशा गायकांमध्ये शाहीर अमर शेख यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात चळवळीतील कार्यकर्ता, डाव्या विचाराचा प्रचारक आणि लोककवी या तीन अंगांचा विचार पुरेसा झालेला दिसतो. परंतु ज्या गोष्टीमुळे लोक मैलोगणती चालून त्यांना ऐकायला जात, तो गळा आणि त्या गळ्यामागची साधना यांचा विचार मात्र एखाद्या विशेषणात संपतो. प्रस्तुत व्याख्यानात अमर शेख यांच्या जीवनाचा आढावा गायक या नात्याने घेतला आहे, आणि हा आढावा कुर्डुवाडीत घेतला जाणे उचित आहे, कारण त्यांची जन्मभूमी बार्शी येथून जेमतेम ३५ किलोमीटरवर आहे आणि या दोन गावांचे आधुनिक आयुष्य एकाच लोहमार्गाने घडवले आहे.

मध्य रेल्वेच्या मुंबई–सोलापूर या मुख्य मार्गावरील कुर्डुवाडी स्थानक एके काळी ‘बार्शी रोड’ या नावाने ओळखले जात होते. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या योजनेनुसार कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची अरुंद मापाची गाडी सुरू झाली, पुढे ती १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली, आणि या ‘बार्शी लाइट रेल्वे’ची दुरुस्तीची कार्यशाळा कुर्डुवाडीत असल्यामुळे फिटर, लोहार, खलाशी, गँगमन अशा कामगारांची वस्ती माढा तालुक्याच्या या कोरडवाहू भागात उभी राहिली. या लोहमार्गामुळे मराठवाड्याच्या सीमेवरचा कापूस, भुसार आणि तेलबिया बार्शीच्या पेठेत येऊ लागल्या, बार्शीत कापडाच्या गिरण्या निघाल्या, आणि भगवंताच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या त्या गावात शेतकरी, हमाल, व्यापारी व गिरणी कामगार असा मिश्र समाज तयार झाला. अमर शेख यांच्या आवाजाचा पहिला श्रोता हा समाज होता. विशिष्ट जातीच्या आळीत किंवा विशिष्ट देवळाच्या ओसरीवर वाढलेल्या गायकाला जो श्रोतृवर्ग मिळतो त्यापेक्षा हा श्रोतृवर्ग फार वेगळा होता, कारण त्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी बोलणारी माणसे एकाच भोंग्यावर कामाला जात आणि एकाच भोंग्यावर सुटत होती.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला, असे त्यांचे चरित्रकार एकमुखाने नोंदवतात, आणि या नोंदीचे महत्त्व गायकीच्या दृष्टीने फार मोठे आहे. सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही घरांतील स्त्रिया जात्यावर मराठीतूनच गात असत. ओवी हा साडेतीन चरणांचा, दळणाच्या फेऱ्याला जोडलेला छंद असल्यामुळे त्यात श्वास कोठे घ्यायचा हे अंगमेहनत ठरवते, सूर कोठे लांबवायचा हे जात्याच्या वजनावर अवलंबून राहते, आणि शब्द मात्र शेवटपर्यंत स्पष्ट राहतो. श्रमाच्या लयीत श्वास राखण्याचे हे शिक्षण कोणत्याही संगीत विद्यालयात मिळत नाही. पुढे अमर शेख हजारोंच्या सभेत तास तास गात असत तेव्हा त्यांचा दम टिकत असे, याचे मूळ शोधायचे तर ते या घरगुती शिक्षणातच शोधावे लागते.

त्यांचे शालेय शिक्षण गरिबीमुळे अपुरे राहिले आणि लहान वयातच त्यांना कमाईला लागावे लागले. मोटारगाडीवर क्लीनर आणि नंतर गिरणी कामगार अशी कामे त्यांनी केली. ते तेरा वर्षांचे असताना, मे १९३० मध्ये, सोलापूर शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या घटनेने संपूर्ण जिल्हा हादरला होता, आणि त्या पिढीतील गिरणी कामगाराची राजकीय जाण या वातावरणात तयार झाली. बार्शीच्या गिरणीतील संपात पुढाकार घेतल्यामुळे मेहबूब यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले, तेथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि साम्यवादी विचाराची दीक्षा त्यांना तेथे मिळाली. तुरुंगातून बाहेर आल्यावर काही काळ ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करत होते आणि त्याच काळात मित्रांनी त्यांना ‘अमर शेख’ हे नाव दिले. चित्रपटव्यवसायाच्या इतक्या जवळ राहूनही त्यांनी पार्श्वगायनाची वाट धरली नाही, हा त्यांच्या कारकिर्दीतील पहिला निर्णायक वळणबिंदू होय.

यानंतरचे त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मुंबईत ‘इप्टा’ या अखिल भारतीय लोकनाट्य संघाची स्थापना झाली, आणि १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. कलापथक म्हणजे गाणे, पोवाडा, लावणीच्या चालीवरची पदे आणि वगनाट्य यांच्या द्वारे विशिष्ट विचार लोकांपर्यंत नेणारा फिरता संच. या संचात अण्णा भाऊ साठे यांची लेखणी सर्वात समर्थ होती. स्टालिनग्राडच्या लढाईवरील पोवाड्यापासून ‘अकलेची गोष्ट’ या वगनाट्यापर्यंत त्यांनी जे लिहिले त्याने मराठी तमाशाला नवा आशय दिला. गवाणकर हे स्वतः रचनाकार आणि गायक होते. अमर शेख यांनीही पदे रचली, परंतु संचातील त्यांचे मुख्य सामर्थ्य गळ्यात होते. तिघांच्या या मेळातून जे निर्माण झाले त्याचे श्रेय वाटून देण्याचा खटाटोप पुढील काळात अनेकदा झाला. तो निष्फळ आहे, कारण लोकांसमोर उभा राहणारा पोवाडा हा रचना, चाल आणि फेक यांचा एकजीव परिणाम असतो आणि त्यातील एक अंग वेगळे काढले की उरलेली दोन निर्जीव होतात.

पोवाड्याची घडण येथे थोडी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. अफझलखानाच्या वधावरील १६५९ च्या प्रसंगाचे वर्णन करणारा अगीनदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वात जुन्यांपैकी एक मानला जातो. तेव्हापासून या प्रकारात मुख्य शाहीर, त्याच्या मागे उभे राहून सूर धरणारे आणि ओळीचा शेवट उचलणारे झीलकरी किंवा सुरते, शाहिराच्या हातातील डफ आणि साथीदाराच्या हातातील तुणतुणे असा संच ठरलेला आहे. पोवाड्याचे विभाग ‘चौक’ या नावाने ओळखले जातात. चौकाच्या आरंभी गती संथ असते, प्रसंग रंगात येईल तशी ती वाढत जाते, मध्येच गद्य कथन येते, आणि कळसाला शाहीर टिपेच्या, म्हणजे वरच्या सप्तकातील सुरावर जाऊन थांबतो तेव्हा झीलकऱ्यांनी तो सूर खाली न पडू देता उचलून धरायचा असतो. या रचनेत मुख्य गायकाला क्षणभर विश्रांती मिळते, श्रोत्याला ओळ दुसऱ्यांदा ऐकू येते, आणि तिसऱ्या वेळी श्रोता स्वतःच झील धरू लागतो. अमर शेख यांच्या सभांमध्ये हजारो लोक झीलकरी होत असत, असे ज्यांनी त्या सभा पाहिल्या त्यांनी लिहून ठेवले आहे. आणि हे घडावे यासाठी चाल सोपी, सूर सर्वांना पेलेल असा आणि शब्दांचा उच्चार निःसंदिग्ध ठेवावा लागतो, ही तांत्रिक जाण त्यांच्याकडे होती.

अमर शेख यांच्या आवाजाला सर्वजण ‘पहाडी’ हे विशेषण लावतात. हे विशेषण योग्य आहे, पण अपुरे आहे, कारण त्यातून निव्वळ मोठेपणाचा बोध होतो. मोठा आवाज अनेकांना असतो. तो दूरवर नेणे ही निराळी विद्या आहे. उघड्यावर आवाजाला परत फेकणारी भिंत नसते, वारा असतो, जमावाची स्वतःची कुजबुज असते, आणि त्या काळातील ध्वनिक्षेपक, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘कर्णा’, मधल्या पट्टीतील आवाज पुढे ढकलून खालचे व वरचे सूर गिळून टाकत असे. अशा परिस्थितीत जो गायक स्वरांना दीर्घ, उघडे आणि पुढच्या ओठांवर ठेवतो, व्यंजने डफाच्या थापेशी जुळवून फोडतो आणि ओळीचा अर्थ जेथे पूर्ण होतो तेथेच श्वास घेतो, त्याचेच शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. शास्त्रीय गायनातील श्रेष्ठ कलावंतालाही हे सहज जमेल असे नाही, कारण त्याची साधना बंद दिवाणखान्यातील सूक्ष्म श्रुतींसाठी झालेली असते. उलट बाजूने पाहिले तर मैदानी गायकाला मंद, मृदू, एकट्यासाठी गायल्यासारखे गाणे अवघड जाते. अमर शेख यांच्या गायकीचे खरे वैशिष्ट्य हे की त्यांना दोन्ही साधत असे: वीररसाच्या चौकात जो गळा डफाच्या वर चढत असे, तोच गळा करुण पदात उतरून जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर येई, आणि या उतरण्यामुळे सभेत शांतता पसरत असे. विशेषणांच्या भरात हा दुसरा गुण समीक्षकांनी दुर्लक्षित ठेवला आहे.

या गायकीचा विचार जगातील समांतर परंपरांच्या संदर्भात केला तर तिचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाची चर्चमधील सामूहिक प्रार्थनागीते आणि मजुरांच्या दुःखातून जन्मलेले ‘ब्लूज’ गाणे यांच्या संयोगातून १९५० च्या दशकात जो गायनप्रकार घडला त्याला ‘सोल’ संगीत म्हणतात. रे चार्ल्स, सॅम कुक अशा गायकांनी तो घराघरांत नेला आणि सीमेपलीकडील कॅनडातही त्याला मोठा श्रोतृवर्ग व स्वतंत्र गायक मिळाले. त्या प्रकाराचे मुख्य लक्षण म्हणजे पुढच्या गायकाने ओळ टाकावी आणि समूहाने तिला उत्तर द्यावे. पोवाड्यातील झील आणि प्रार्थनागीतातील हे उत्तर यांचा उगम एकमेकांपासून सर्वस्वी स्वतंत्र आहे, तरी दोहोंचे सामाजिक कार्य एकच आहे: ज्यांना एकट्याने बोलण्याची मुभा नाही त्यांना एकत्र बोलण्याचे स्थान देणे.

याहून जवळचे साम्य पॉल रोबसन यांच्याशी आहे. १८९८ मध्ये जन्मलेले हे कृष्णवर्णीय अमेरिकी गायक खर्जातील धीरगंभीर आवाजासाठी जगभर प्रसिद्ध होते, आणि त्यांच्या राजकीय मतांमुळे अमेरिकी सरकारने १९५० मध्ये त्यांचे पारपत्र रद्द केले. कॅनडातील खाणकामगारांच्या संघटनेने त्यांना गायनासाठी बोलावले, पण सीमा ओलांडण्याची त्यांना बंदी होती. तेव्हा १८ मे १९५२ रोजी दोन्ही देशांच्या सीमेवरील शांती-कमानीजवळ एका उघड्या मालमोटारीवर उभे राहून त्यांनी गायन केले आणि कॅनडाच्या बाजूला जमलेल्या हजारोंनी ते ऐकले. याच सुमारास महाराष्ट्रात मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली होती. दोन खंडांतील दोन सरकारांना गायकांची भीती वाटली, याचे कारण त्यांच्या गीतांतील मजकुरात जितके होते तितकेच त्यांच्या आवाजाच्या पल्ल्यात होते. तोच मजकूर पत्रकातून वाटला गेला असता तर तो वाचता येणाऱ्या थोड्यांपर्यंतच गेला असता. आवाजाला साक्षरतेची अट नसते. रोबसन यांचा आवाज तबकड्यांवर आणि चित्रपटांत सुरक्षित राहिला, आणि अमर शेख यांच्या गायनाचे जे मुद्रण आज हाती आहे ते त्यांच्या पाव शतकाच्या कारकिर्दीच्या मानाने फारच तुटपुंजे आहे, एवढाच या दोघांच्या नशिबातील फरक आहे, आणि तो फरक मोठा आहे.

अमर शेख यांच्या कारकिर्दीचा कळस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दिसतो. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे या मागणीसाठी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. या साडेचार वर्षांत समितीच्या सभांचा जो क्रम ठरून गेला होता त्यात नेत्यांच्या भाषणांपूर्वी शाहिरांचे गायन असे. सायंकाळी कामावरून सुटलेला माणूस सभेला येऊन बसेपर्यंत जो वेळ जाई, त्या वेळात विस्कळीत गर्दीची एक सभा करणे हे शाहिराचे काम होते. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर, आत्माराम पाटील अशा शाहिरांनी ते काम केले. आचार्य अत्रे यांचे वक्तृत्व, डांगे आणि एस. एम. जोशी यांचे नेतृत्व यांविषयी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली आहेत. वक्ता उभा राहण्याच्या क्षणी सभा ज्या अवस्थेत असे ती अवस्था कोणी निर्माण केली, हा प्रश्न मात्र इतिहासकारांनी फारसा विचारला नाही. अत्रे यांना स्वतःला ही जाणीव होती, आणि रशियन क्रांतिकवी मायकोव्हस्की याच्याशी तुलना करून त्यांनी अमर शेख यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले होते.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. मराठी राज्याच्या मागणीचे, शिवछत्रपतींच्या स्मरणाने भारलेले गाणे बार्शीच्या एका मुसलमान गिरणी कामगाराच्या गळ्यातून महाराष्ट्राने ऐकले आणि कोणालाही त्यात काही विपरीत वाटले नाही. ही घटना अपवादात्मक नव्हती. पेशवाईच्या अखेरीस कीर्ती मिळवलेला शाहीर सगनभाऊ हा मुसलमान होता, शिकलगारीचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा, त्याचा व्यवसाय होता, आणि त्याच काळात सोलापूरचा रामजोशी हा ब्राह्मण कवी तमाशाच्या फडात उभा राहून लावण्या गात होता. शाहिरीच्या फडाने जात आणि धर्म यांच्या सीमा फार पूर्वीच सैल केल्या होत्या, आणि अमर शेख हे त्या फडाचे विसाव्या शतकातील वारस होते. त्यांच्या धर्माचा उल्लेख आज जेव्हा कौतुकाने, जणू काही नवलाची गोष्ट म्हणून केला जातो, तेव्हा ही जुनी परंपरा आपल्या समाजाच्या स्मरणातून किती निसटली आहे हेच सिद्ध होते.

गोवामुक्तीच्या आंदोलनातही त्यांनी गायनाद्वारे प्रचार केला. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा भारतातील साम्यवादी पक्षात तीव्र मतभेद निर्माण झाले होते, तरी अमर शेख यांनी देशरक्षणाच्या बाजूने निःसंदिग्ध भूमिका घेतली आणि गावोगाव गाऊन लोकांना जागे केले. लेखनात त्यांचे ‘अमरगीत’ (१९५१), ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे संग्रह आणि ‘पहिला बळी’ (१९५१) हे नाटक प्रसिद्ध आहे. ‘युगदीप’ आणि ‘वक्त की आवाज’ ही नियतकालिकेही त्यांनी चालवली, ज्यांतून त्यांची मराठी आणि उर्दू-हिंदी अशी दुहेरी भाषिक निष्ठा दिसते. ‘कलश’मधील कविता छापील पानावर वाचताना कोठे कोठे शब्दबाहुल्य जाणवते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या ओळी कानासाठी रचल्या त्या केवळ डोळ्याने तपासून त्यांना उणे लेखणे ही समीक्षेची चूक आहे. पुनरुक्ती हा पानावर दोष ठरतो, आणि हजारोंच्या सभेत तोच गुण असतो.

चित्रपटाशी त्यांचा संबंध अभिनेता म्हणून राहिला. आचार्य अत्रे यांच्या ‘महात्मा फुले’ या चित्रपटात त्यांनी भूमिका केली आणि १९६१ च्या ‘प्रपंच’ या चित्रपटातील त्यांची भूमिका विशेष गाजली. मधुकर पाठक दिग्दर्शित या चित्रपटात मुलाबाळांच्या भाराखाली पिचणाऱ्या गरीब कुंभार कुटुंबाची कथा आहे, आणि त्याची गीते ग. दि. माडगूळकर यांची व संगीत सुधीर फडके यांचे आहे. या चित्रपटातील कुंभाराच्या चाकावरचे गीत आजही घरोघरी ऐकले जाते, आणि ते सुधीर फडके यांच्या स्वरात आहे. फडके यांचा स्वर त्या गीताला अत्यंत अनुरूप आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि महाराष्ट्राचा सर्वात बलाढ्य लोकगायक ज्या चित्रपटात पडद्यावर आहे, त्या चित्रपटाचे सर्वात चिरस्थायी गाणे दुसऱ्या गळ्यात आहे, ही वस्तुस्थिती त्या काळातील व्यवस्थेविषयी बरेच काही सांगते. पार्श्वगायनासाठी ध्वनिमुद्रकासमोर हळुवार गाणारा, सुगम संगीतात मुरलेला स्वर प्रमाण मानला गेला होता, आणि मैदानी गळा हा वेगळ्या कामाचा गळा म्हणून बाजूला ठेवला गेला. या श्रमविभागणीमुळे पुढच्या पिढ्यांपर्यंत एक परंपरा पोचली आणि दुसरी पोचली नाही.

कौटुंबिक जीवनात त्यांनी १९४७ मध्ये कुसुम जयकर यांच्याशी विवाह केला. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख या मराठीतील महत्त्वाच्या कवयित्री असून ‘वाळूचा प्रियकर’ हा त्यांचा काव्यसंग्रह आणि ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन सर्वपरिचित आहे. शाहिरांच्या घरातील कलेने भरलेल्या आणि पैशाच्या बाबतीत अनिश्चित अशा वातावरणाचे जे दर्शन त्या आत्मकथनात घडते ते चरित्रकाराला फार उपयोगी आहे, कारण गायनातून मिळणारे उत्पन्न, कार्यक्रमांची धावपळ आणि सततचा प्रवास यांचा हिशेब चळवळीच्या कागदपत्रांत सापडत नाही.

या प्रवासातच त्यांचा अंत झाला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख मृत्यू पावले, तेव्हा त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. कुर्डुवाडीहून टेंभुर्णीमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला इंदापूर परिचित आहे; ज्या पट्ट्यात त्यांचा जन्म झाला त्याच्या वेशीवरच त्यांचे आयुष्य संपले. त्याच वर्षी १३ जून रोजी आचार्य अत्रे आणि १८ जुलै रोजी अण्णा भाऊ साठे यांचे निधन झाले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांना ज्यांनी बोलते केले ते तीन आवाज अकरा आठवड्यांच्या आत थांबले. मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये आले आणि ध्वनिफितीची कॅसेट त्यानंतर काही वर्षांनी सर्वसामान्यांच्या हाती पोचली. साध्या माणसाला आवाज साठवता येण्याची सोय झाली तेव्हा हे तिघे हयात नव्हते.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे आणि लोककलांच्या अभ्यासाला तेथे स्थान मिळाले आहे, ही समाधानाची बाब आहे. तरी त्यांच्या गायनाचा संग्रह करण्याचे काम विद्यापीठाच्या आवारात पूर्ण होणारे नाही. या संदर्भात कॅनडातील एक उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे १९४० मध्ये जन्मलेल्या आणि टोरंटोच्या गायनगृहांत कीर्ती मिळवलेल्या जॅकी शेन या सोल गायिकेने १९६० च्या दशकात त्या शहराला वेड लावले होते. जन्माने पुरुष ठरवल्या गेलेल्या आणि आपले स्त्रीत्व उघडपणे जगणाऱ्या या कलावतीने १९७१ मध्ये गायन सोडले आणि त्या लोकांच्या नजरेतून पूर्णपणे दूर गेल्या. परंतु त्यांच्या थोड्या तबकड्या आणि १९६७ मधील एका प्रत्यक्ष मैफलीचे मुद्रण रसिकांनी जपून ठेवले होते, त्यांच्या आधारे २०१७ मध्ये संपूर्ण संच प्रकाशित झाला, त्याला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांना आपल्या गायनाचा गौरव पाहता आला. तेथे संस्थांच्या आधी सामान्य श्रोत्यांनी संग्रह केला होता, हे या उदाहरणात लक्षात घेण्यासारखे आहे.

अमर शेख यांच्या बाबतीत असा संग्रह करण्याची शक्यता कुर्डुवाडी, बार्शी, माढा, पंढरपूर आणि सोलापूर या पट्ट्यात अजून शिल्लक आहे, कारण रेल्वे कामगारांच्या आणि गिरणी कामगारांच्या कुटुंबांत जुन्या सभांची हस्तपत्रके, कलापथकाच्या कार्यक्रमांच्या जाहिराती, पदांच्या हाताने उतरवलेल्या वह्या आणि क्वचित स्पूलवर घेतलेली मुद्रणे असण्याचा संभव आहे. १९६० मध्ये जे दहा-बारा वर्षांचे होते आणि वडिलांच्या खांद्यावरून ज्यांनी ते गायन ऐकले, ते आज सत्तरी ओलांडून ऐंशीकडे झुकले आहेत. त्यांना त्या चाली आठवतात, कोणत्या ओळीवर सभा झील धरत असे हे आठवते, आणि चाल आठवत असेल तर ती गाऊन घेऊन मुद्रित करता येते. परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी आणि संगीत विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावे, नगर वाचनालयांनी सापडलेल्या वह्या आणि पत्रके यांच्या प्रती करून ठेवाव्यात, आणि ज्या घरात असा एखादा कागद किंवा फीत असेल त्या घराने ती रद्दीत जाण्यापूर्वी जवळच्या वाचनालयाला कळवावे, अशी विनंती या व्याख्यानाच्या निमित्ताने सर्व श्रोत्यांना आणि वाचकांना आहे.